मोज्यांच्या साच्याचे जनक विल्यम ली

हिंगणघाटाहून दक्षिणेस जाणाऱ्या हमरस्त्याने वडनेरास येऊ लागले म्हणजे काळ्या जमिनीतील कापसाची शेते दृष्टीस पडतात. बोंडे फुटली की बायका ओटी बांधून वेचणीस उतरतात, आणि गाड्या भरून तो कापूस बाजारास जातो. पुढे त्याचे काय होते ह्याची चौकशी वेचणारी बाई सहसा करीत नाही. त्यातला मूठभर कापूस एखाद्या दिवशी तान्ह्या मुलाच्या पायातील मोजा होऊन तिच्याच घरी परत येत असेल. मोजा ही वस्तू इतकी लहान की तिच्याविषयी कोणी दोन शब्द बोलत नाही. तथापि ह्याच वस्तूपायी इंग्लंडातील एका खेड्यातल्या पाळकाने आपली सेवा सोडली, घरदार सोडले, दोन राजे व एक राणी ह्यांचे दरवाजे ठोठावले, आणि अखेर परमुलखात देह ठेवला. त्या गृहस्थाचे नाव विल्यम ली. त्यांच्या यंत्राने हजारो कुटुंबांची भाकरी दिली आणि हजारोंची हिरावलीही. म्हणून त्यांचे चरित्र आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की मोजा मागावर विणीत नाहीत. आमच्या साळ्याकोष्ट्यांच्या मागावर ताणा उभा असतो आणि धोट्यातील बाणा त्यातून आडवा जातो. अशा कापडास ताण दिला तर ते फारसे लांबत नाही. मोज्यास मात्र पायाबरोबर वाकावे लागते, टाचेवरून चढावे लागते व घोट्याशी पुन्हा आवळून बसावे लागते. ह्यासाठी तो एकाच अखंड दोऱ्याने, एका फासातून दुसरा फास ओढून विणतात. ह्या फासाला आमच्या बायका टाका म्हणतात. हाताने मोजा विणावयाचा तर पाच बारीक सुया लागतात. चार सुयांवर टाके चौकोनासारखे मांडलेले असतात आणि पाचवी सुई फिरती राहून एकेक टाका उचलीत जाते. वरच्या काठापासून आरंभ करून नळीसारखे गोल विणीत खाली यावयाचे, टाचेशी निम्मे टाके बाजूस ठेवून उरलेल्यांवर पुढेमागे विणावयाचे, मग वळण देऊन सर्व टाके पुन्हा एकत्र घ्यावयाचे आणि बोटांशी टाके घटवीत शेवट करावयाचा. टाचेचे वळण साधले की मोजा साधला असे ह्या कामातल्या जाणत्या बायका सांगतात.

आज चारशेहून अधिक वर्षांपूर्वी, म्हणजे इंग्लंडात पहिली एलिझाबेथ राणी राज्य करीत असता, हे काम तेथील गरिबांचा मोठा आधार होते. आमच्याकडे धनगर मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातीत असे, तसे तेथे मेंढपाळ, कोळ्यांच्या बायका, म्हातारी माणसे व लहान मुले चालता बोलता सुया चालवीत. कित्येक नगरांनी गरीब मुलांस मोजे विणण्यास शिकविण्याकरिता शाळा घातल्या होत्या. इ. स. १५७१ मध्ये तर असा कायदा झाला की सहा वर्षांवरील सामान्य माणसाने रविवारी व सणाच्या दिवशी लोकरीची विणलेली टोपीच घालावी. टोप्या विणणाऱ्यांचे पोट चालावे हा त्यात हेतू होता. श्रीमंतांची तऱ्हा अर्थातच निराळी. इ. स. १५६० च्या सुमारास राणीला तिच्या एका परिचारिकेने हाताने विणलेल्या काळ्या रेशमी मोज्यांचा जोड नजर केला. तो तिला इतका आवडला की त्यानंतर तिने कापडाचे शिवलेले मोजे पायात घातले नाहीत असे सांगतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे लींच्या नशिबाशी तिचा संबंध आहे.

विल्यम ली हे नॉटिंगहॅम परगण्यातील कॅल्व्हर्टन ह्या खेड्याचे. त्यांचे शिक्षण केंब्रिज येथील विद्यापीठात झाले आणि पुढे ते आपल्याच गावाकडे दुय्यम पाळक झाले, अशी परंपरा चालत आली आहे. दुय्यम पाळकाचे वेतन म्हणजे काय हे आमच्या उपदेशक बंधूंस निराळे समजावून सांगावयास नको. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात काय शिल्लक असते हे सर्व देशांतील उपदेशकांच्या बायकांस सारखेच ठाऊक असते.

लींस यंत्राची कल्पना कशी सुचली ह्याविषयी दोन कथा आहेत. पहिली अशी की ते एका तरुणीस मागणी घालावयास जात, परंतु ती मोजे विणण्यात इतकी गढलेली असे की त्यांच्याकडे मान वर करूनही पाहत नसे. तेव्हा चिडून तिचा धंदाच बुडवीन असा त्यांनी निश्चय केला. दुसरी कथा अशी की लींनी लग्न केले, त्यामुळे विद्यापीठातील त्यांची जागा गेली, आणि घरखर्च भागविण्यासाठी पत्नी रात्री उशिरापर्यंत दिव्याशी बसून मोजे विणू लागली. तिची बोटे पाहता पाहता त्यांच्या मनात विचार आला. पहिली कथा इंग्लंडात अधिक प्रसिद्ध आहे, कारण तिच्यात चेष्टेला जागा आहे. आम्हांस ती पटत नाही. रागाच्या भरात माणूस एखादी सुई मोडील, पण रागावर वर्षानुवर्षे यंत्र जुळवीत बसणे होत नाही. त्याला दुसरे काही लागते. आल्फ्रेड एल्मोर नावाच्या चित्रकारानेही १८४७ साली दाखविलेल्या आपल्या चित्रात दुसरीच कथा घेतली आहे. त्यात पत्नी विणीत आहे आणि ली तिच्या हातांकडे टक लावून पाहत आहेत.

त्यांनी काय पाहिले असेल? विणणारीच्या सुईवर टाके पुष्कळ असतात, परंतु कोणत्याही क्षणी काम चालते ते एकाच टाक्यावर. बाकीचे सर्व आपली पाळी येण्याची वाट पाहत रांगेत उभे असतात. कुशल बाई मिनिटास सुमारे शंभर टाके घालते. ह्याहून जलद हात चालत नाहीत. मग प्रत्येक टाक्याला त्याची स्वतःची सुई दिली तर? सुया हलू नयेत, एका ओळीत पक्क्या बसवाव्यात, प्रत्येकीचे टोक गळासारखे मागे वळवावे. त्या सर्वांवर एकदम दोरा घालावा, पातळ पत्र्यांनी तो सुयांच्या मधून खाली दाबून फास करावेत, मग एका पट्टीने सर्व गळांची तोंडे एकदम मिटवावीत आणि जुने फास त्यांवरून पुढे सरकवून द्यावेत. म्हणजे जेथे बाईचा एक टाका होतो तेथे सबंध ओळ होते. सांगावयास हे चार वाक्यांचे काम आहे. करावयास मात्र शेकडो भाग लागले, आणि ते अशा काळी की जेव्हा वाफेचे यंत्र नव्हते आणि खेड्यात लोहार नाल ठोकण्यापलीकडे फारसे काही करीत नसे. गळासारखी वळलेली सुई आणि तिचे तोंड दाबणारी पट्टी, ह्या दोन गोष्टींत लींची सर्व बुद्धी आहे. त्या सुईची रीत पुढे तीन शतकांहून अधिक काळ मोज्यांच्या यंत्रांत चालत राहिली.

इ. स. १५८९ मध्ये हा साचा सिद्ध झाला असे मानतात. त्याच्यावर मिनिटास पाचशे-सहाशे टाके पडत. तथापि त्यात दोन उणिवा होत्या. एक अशी की सुया जाड होत्या, इंचास आठच बसत, म्हणून कापड भरड निघे. दुसरी अशी की साच्यावर कापड सपाट निघे. हाताच्या मोज्यासारखी अखंड नळी होत नसे. सपाट तुकडा पायाच्या आकाराने रुंद व अरुंद करीत विणावा लागे आणि मागून शिवण घालावी लागे. शिवणीचा मोजा आणि बिनशिवणीचा मोजा ह्यांतला भेद टाचेला लगेच कळतो.

ली आपला साचा घेऊन लंडनास गेले. राणीचे आप्त लॉर्ड हन्स्डन ह्यांनी त्यांस आश्रय दिला आणि त्यांच्या खटपटीने राणी स्वतः साचा पाहावयास आली. लींची विनंती एवढीच होती की ह्या यंत्राचा हक्क आपणांस काही वर्षे सरकारातून लिहून मिळावा. राणीने नकार दिला. तिचे म्हणणे असे सांगतात की माझ्या प्रजेतील गरीब लोक, विशेषतः निराधार मुली, हाताने मोजे विणून भाकरी मिळवितात. हे यंत्र त्यांस भीक मागावयास लावील. रेशमी मोजे करणारे यंत्र असते तर थोड्याच लोकांच्या पोटावर पाय आला असता आणि मग विचार करता आला असता. राणीला रेशमी मोजे प्रिय होते, हे वर आलेच आहे. म्हणून काही लोक म्हणतात की गरिबांचे निमित्त होते, खरी नाराजी भरड कापडाची होती.

आम्ही ह्या राणीस हसत नाही. तिच्या बोलण्यात स्वार्थ कितीही असो, प्रश्न खरा होता. आणि तो फार दूरच्या देशातला आहे असेही वर्धा जिल्ह्यातील माणसाने समजू नये. आमच्या आजे-पणजांच्या काळी घरोघर चरखा होता. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली, ते शतक संपण्यापूर्वी हिंगणघाटातही गिरणी उभी राहिली, आणि गिरणीच्या सुतापुढे हाताच्या सुताचा निभाव लागला नाही. पुढे १९३४ साली वर्ध्यास मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तेथे महात्मा गांधी, व त्या संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा, जे आपल्यातीलच एक ख्रिस्ती गृहस्थ होते, राणी एलिझाबेथने विचारलेलाच प्रश्न विचारीत होते: यंत्र आले तर त्या हातांनी काय करावे? गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्रास मात्र अपवाद केला होता. सिंगर नावाच्या माणसाने पत्नीचे शिवण्याचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमाने ते यंत्र केले, असे त्यांनी त्याचे कारण सांगितले. लींची दुसरी कथा त्यांच्या कानी पडली असती तर मोज्यांच्या साच्याविषयी त्यांनी काय म्हटले असते, हे आम्हांस सांगता येत नाही. यंत्र प्रेमाने निर्माण झाले तरी पुढे ते कोणाच्या मालकीचे होते ह्यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि लींच्या साच्याचे तेच झाले.

ली निराश होऊन घरी बसले नाहीत. राणीने रेशमाचे नाव काढले होते, म्हणून त्यांनी अधिक बारीक सुया बसविण्याचा प्रयत्न आरंभिला. इंचास आठ होत्या त्या वीसपर्यंत नेल्या. ह्यात बरीच वर्षे गेली. दरम्यान १५९६ मध्ये लॉर्ड हन्स्डन वारले व दरबारात शब्द टाकणारे कोणी उरले नाही. सोळावे शतक संपण्याच्या सुमारास साच्यावरील रेशमी मोजा तयार झाला. राणीने तो पाहिला व वाखाणला असे म्हणतात, परंतु हक्क काही दिला नाही. १६०३ मध्ये ती वारली. तिच्यामागून जेम्स राजा आला, त्याच्याकडूनही लींच्या पदरी काही पडले नाही.

तेव्हा फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाकडून आशा दिसली. हा राजा मूळचा प्रॉटेस्टंट. गादीसाठी त्याने पंथ बदलला होता, तरी १५९८ मध्ये नांत येथे आज्ञापत्र काढून त्याने प्रॉटेस्टंट लोकांस संरक्षण दिले होते. शिवाय आपल्या देशात रेशमाचे उद्योग वाढावेत अशी त्याची फार इच्छा होती. ली आपला भाऊ जेम्स, काही कारागीर व साचे बरोबर घेऊन समुद्रापार रुआं शहरी गेले. स्वदेशात वीस वर्षे जे मिळाले नाही ते आता हाती येणार असे दिसू लागले. पण १४ मे १६१० रोजी पॅरिसच्या रस्त्यात एका माथेफिरूने राजाच्या गाडीवर चढून त्यास सुऱ्याने भोसकले. राजा गेला आणि त्याच्याबरोबर परदेशी प्रॉटेस्टंट कारागिराचा आसराही गेला. लींनी तेथील एका भागीदाराशी करार करून धंदा चालविण्याची धडपड केली. ती फळास आली नाही. १६१४ च्या सुमारास पॅरिस येथे ते वारले. त्यांची कबर कोठे आहे हे कोणास दाखविता येत नाही.

जेम्स लीने बहुतेक साचे व माणसे घेऊन इंग्लंडाचा रस्ता धरला. लींचा एक जुना उमेदवार होता, ॲस्टन नावाचा, मूळ धंद्याने पिठाची चक्की चालविणारा. त्याने मागे राहून साच्यात सुधारणा केली होती. ह्या दोघांच्या हातून धंदा पुन्हा उभा राहिला. १६५७ मध्ये ऑलिव्हर क्रॉम्वेलने साच्यावर मोजे विणणाऱ्यांच्या संघास सनद दिली आणि १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने पुन्हा दिली. जो हक्क लींनी जन्मभर मागितला तो त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी मिळाला, आणि तोही त्यांच्या नावाने नव्हे.

पुढे हा धंदा लंडनातून नॉटिंगहॅम, लेस्टर व डर्बी ह्या परगण्यांत उतरला, म्हणजे एका परीने लींच्या घरी परत गेला. सेरामपूरचे डॉ. विल्यम केरी, ज्यांनी १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापले, ते हिंदुस्थानास येण्यापूर्वी चार वर्षे लेस्टर येथे पाळक होते. ते शहर मोज्यांच्या साच्यांवर जगणारे होते. केरींचे वडीलही प्रथम लोकरीचे कापड विणीत. आणि १७९२ च्या मे महिन्यात ज्या उपदेशाने परदेशी मिशनचा विषय पेटला, तो केरींनी नॉटिंगहॅम शहरीच केला. हे आम्ही ओघात सांगितले. मोजे विणणाऱ्यांच्या त्या गावांशी आमचा असा एक धागा आहे.

दुसरा धागा सुताचा आहे. लींचे मोजे लोकरीचे व रेशमाचे होते. कापसाचे मोजे साच्यावर प्रथम निघाले ते १७३० च्या सुमारास नॉटिंगहॅम येथे, आणि त्यांस लागणारे सूत हिंदुस्थानातून गेले होते. इतके बारीक व बळकट सूत तेव्हा इंग्लंडात कोणास काढता येत नव्हते. कोणा अनाम बाईने टकळीवर किंवा चरखावर काढलेले ते सूत होते. पुढे सूत काढण्याची यंत्रे तिकडेच निघाली आणि सुताऐवजी नुसता कापूस जाऊ लागला. १८६१ पासून चार वर्षे अमेरिकेत आपसात युद्ध चालले असता तिकडील कापूस बंद झाला, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारात सर्वांच्या तोंडी झाले. वडनेरच्या आसपासच्या काळ्या मातीत पिकलेल्या कापसासही तोच बाजार.

आता राणीचे भाकीत खरे झाले की खोटे? आरंभी खोटे ठरले. मोजे स्वस्त झाले, पूर्वी ज्यांस ते मिळत नसत ते लोक घालू लागले, आणि साच्यांवर काम करणारी हजारो कुटुंबे निर्माण झाली. बाप साचा चालवी, आई शिवण घाली, मुले दोरा गुंडाळून देत. कॅल्व्हर्टनसारख्या गावांत त्या विणकरांच्या घरांच्या रुंद खिडक्या प्रसिद्ध आहेत. साच्यावर उजेड पडावा म्हणून त्या तशा केलेल्या. परंतु साचा महाग, तो गरिबाला विकत कोठून घेता येणार? तो मालकाचा असे आणि विणकर त्यास दर आठवड्यास भाडे देई. काम असो, नसो, आजारपण असो, भाडे चालूच. मालकास कापडापेक्षा भाड्यातच फायदा दिसू लागला. मग एका माणसाचे काम तो तिघांत वाटून देई, म्हणजे तीन साच्यांचे भाडे मिळे. बैल सावकाराचा, पेरा आपला आणि पीक पुन्हा सावकाराचे, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांस ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही. विणकरासारखा कंगाल, अशी त्या मुलखात म्हणच पडली.

१८११ च्या मार्च महिन्यात कॅल्व्हर्टनजवळच्याच आर्नल्ड गावी लोकांनी साचे फोडण्यास आरंभ केला. पुढच्या वर्षी सरकारने साचा फोडणाऱ्यास फाशी देण्याचा कायदा केला. कवी लॉर्ड बायरन ह्यांनी त्याविरुद्ध सरदारांच्या सभेत भाषण केले, ते व्यर्थ गेले. साच्याचे भाडे कायद्याने बंद झाले ते १८७४ साली, म्हणजे लींनी पहिला साचा उभारल्यापासून जवळजवळ तीनशे वर्षांनी. आम्हांस असे दिसते की राणीने साच्यास भ्याली ती एका कारणासाठी आणि अनर्थ झाला तो दुसऱ्याच कारणाने. साच्याने हात रिकामे केले नाहीत. साचा ज्याचा, हातही त्याचे झाले.

ह्या सर्व काळात हाताच्या सुया अगदीच थांबल्या असे मात्र नाही. एक काम साच्यास कितीतरी काळ साधले नाही, ते म्हणजे जाळीची वीण, जिला लेस म्हणतात. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. विणणारी सुईवर दोऱ्याचा एक मोकळा वेढा घेते, म्हणजे एक टाका अधिक होतो व त्याखाली छिद्र राहते. मग शेजारचे दोन टाके एकत्र विणून ती संख्या पुन्हा बरोबर करते. एक वाढविला, एक घटविला, इतकेच. परंतु वेढा कोठे घ्यावा आणि जोड उजवीकडे झुकवावा की डावीकडे, ह्यावरून पाने, फुले, समुद्राच्या लाटा असे वाटेल ते उठते. वाढ व घट ह्यांचा हिशेब एके ठिकाणी चुकला तर पुढच्या दोनचार ओळींत सारी नक्षी वाकडी जाते. जाळीचा मोजा विणताना जाळी पायाच्या पाठीवर व पोटरीवर ठेवतात. तळवा व टाच घट्ट विणीची ठेवतात, नाहीतर पहिल्या आठवड्यातच भोक पडावयाचे. लींच्या साच्यावर सर्व सुया एकदम चालत, हा त्याचा गुण, आणि एकेका टाक्याचा निराळा विचार त्यास करता येत नसे, हा दोष. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांनी साच्यास जोड लावून त्याच्याकडून जाळी करविली, आणि १८०८-०९ मध्ये जॉन हीथकोट ह्यांनी जाळी विणण्याचे निराळेच यंत्र काढले.

तरीही स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत, तेथील बायकांनी हाताची जाळी सोडली नाही. त्या बेटांतील मेंढरांची लोकर फार मऊ असते. तिचा केसासारखा बारीक दोरा काढून त्या मोजे व शाली विणीत. तेथील आर्थर अँडरसन ह्यांनी १८३७ साली व्हिक्टोरिया राणीस शेटलंडच्या बारीक विणीचे मोजे नजर केले, आणि त्या कामाचा लौकिक झाला. हेच अँडरसन ज्या पी. अँड ओ. आगबोट कंपनीचे एक संस्थापक होते, तिच्या बोटींतून पुष्कळ मिशनरी मुंबई बंदरी उतरले आहेत. एक राणी रेशमी मोजे मागत होती, दुसरीस लोकरीची जाळी आवडली. विणणारणीच्या पदरात काय पडले? शेटलंडात दुकानदार तिचे काम घेई व रोख पैसा देत नसे. चहा व कापड देई, तेही आपल्या भावाने. मीठ किंवा पीठ घ्यावयाचे तर तिला तो चहा शेजाऱ्यास विकावा लागे. १८७२ मध्ये ह्या प्रकाराची सरकारी चौकशी झाली, तेव्हा बायकांनी साक्षी दिल्या व ही सर्व हकीकत बाहेर आली.

आमच्या देशात सुयांचे व लेसचे काम मिशनच्या शाळांतून पुष्कळ पसरले. दक्षिणेस नागरकोइल येथे लंडन मिशनच्या मॉल्ट मडमेने १८२० च्या सुमारास मुलींस लेस करण्यास शिकविले, ती लेस पुढे विलायतेस विकली जाऊ लागली. मराठी मुलखातील मुलींच्या शाळांत शिवणटिपण व विणकाम वाचनाबरोबर आले. कोणी कोणी ह्यास मडमांची करमणूक म्हणून नाक मुरडीत. आमचे मत निराळे आहे. ज्या बाईला पाच सुयांवर टाच वळविता येते तिला हिशेब येतो, कारण त्यावाचून टाच वळतच नाही. मात्र जी भगिनी असे काम विकण्यासाठी करते तिने, व तिच्या वतीने व्यवहार करणाऱ्या उपदेशकाने, दोरा कोणाचा, सुया कोणाच्या आणि मोल रोख की वस्तूंत, हे आधी विचारून घ्यावे.

लींचे खरे चित्र कोठे राहिलेले नाही. लंडनातील साचेविणकरांच्या संघाचे मानचिन्ह मात्र आहे. त्याच्या मध्यभागी ढालीवर साचा काढलेला आहे. पाहणाऱ्याच्या डाव्या हातास विद्यापीठाच्या पोशाखात एक पुरुष उभा आहे, ते ली. उजव्या हातास एक स्त्री उभी आहे. तिचे नाव कोठे लिहिलेले नाही. तिच्या एका हातात विणलेल्या लोकरीचा तुकडा आहे आणि दुसऱ्या हातात विणण्याची सुई.